मोजून घेतलेली गाडी

नवी गाडी पहिल्यांदा जागेवर लावली, त्या दिवशी टेपराव तिच्यातून पाय टाकून उतरले नाहीत, डोकं टाकून उतरले. आणि तेही दारातून नव्हे, मागच्या डिकीतून. आधी डोकं आलं, मग चष्मा सावरणारा हात, मग जमीन-मोजणी कचेरीत सव्वीस वर्षं काढलेलं सगळं अंग, आणि सरतेशेवटी एक बूट. दुसरा बूट मागच्या सीटच्या फटीत अडकून राहिला होता.

लिफ्टपाशी चार माणसं कौतुकाला जमली होती. टाळ्यांसाठी वर गेलेले त्यांचे हात तिथेच थबकले.

"हे मागून उतरायचं मॉडेल आहे का हो?" तिसऱ्या मजल्यावर शिलाई मशीन चालवणाऱ्या शिवणकाकूंनी अगदी निरागसपणे विचारलं.

"दारं चारही उघडतात," टेपराव एका पायावर उभे राहून म्हणाले. "फक्त इथे उघडत नाहीत."

हे वाक्य पुढे अकरा दिवस त्यांच्या इमारतीत खेळत राहिलं. लिफ्ट बिघडली की कुणीतरी म्हणे, "चालते हो, फक्त इथे चालत नाही."

खरं तर टेपरावांनी चूक करावी असा त्यांचा पिंडच नव्हता. खिशात रुमाल विसरतील पण मोजपट्टी विसरणार नाहीत, म्हणून तर त्यांचं खरं नाव लोक विसरले. मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्याने तिची लांबी अर्धा सेंटिमीटर कमी लिहिली होती. ती त्यांनी तिसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणली. असा माणूस गाडी घ्यायला निघाला तेव्हा त्याने रंग पाहिला नाही, इंजिन पाहिलं नाही. विकणारा तरुण पोपटासारखा गुण सांगत राहिला आणि टेपराव दुकानाच्या चकचकीत फरशीवर आडवे होऊन बंपरपासून बंपरपर्यंत पट्टी ताणत राहिले. "साहेब, एकदा आत तरी बसा," असं तो काकुळतीला येऊन म्हणाला. टेपराव म्हणाले, "बसायला जन्म पडलाय. मावली पाहिजे."

मावायची होती ती सात नंबरच्या जागेत. इमारतीखालच्या गाड्यांच्या रांगेतली ती कोपऱ्यातली शेवटची जागा. डाव्या अंगाला भिंत, उजव्या अंगाला पिवळी रेघ, आणि रेघेला खेटून दातांच्या डॉक्टरांची म्हशीएवढी गाडी. जागा रुंदीला सहा फूट. गाडी आरसे मिटून साडेपाच. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. टेपरावांनी हा हिशेब तीनदा तपासला होता आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला होता. गाडी अशी बसली की जणू म्यानात तलवार. फक्त तलवारीच्या पोटात माणूस बसलेला नसतो, एवढंच त्यांच्या लक्षात यायचं राहिलं.

"भाऊजी," शिवणकाकू हळूच म्हणाल्या, "आम्ही झगा शिवतो तेव्हा नुसतं अंगाचं माप घेत नाही. हात वर करायला सैल सोडतो."

टेपरावांना ते झोंबलं. शिलाईतल्या बाईने मोजणीतल्या माणसाला माप शिकवावं! त्यांनी बूट ओढून काढला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने वर गेले. रागावला माणूस नेहमी जिन्याने जातो.

वर आई दारातच बसून होती. उजवा पाय समोरच्या स्टुलावर, बाणासारखा सरळ. तीन वर्षांपूर्वी ती पडली, गुडघा जोडला, पण जोडलेला गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. काठी घेऊन ती घरभर फिरे. खाली बसणं-उठणं मात्र एकेका प्रवासासारखं.

"आली?" आईने विचारलं.

"आली."

"कशी आहे रे?"

आता गाडी कशी आहे हे टेपरावांना तरी कुठे नीट कळलं होतं? आत नव्या चपलेच्या खोक्यासारखा वास होता. सीटवरचं प्लॅस्टिक बसलं की कुरकुरायचं आणि उठलं की उसासा टाकायचं. पट्टा नाही लावला की ती टीं-टीं करी. भिंतीजवळ गेली की टीं-टीं करी. सात नंबरमध्ये तर तिन्ही बाजूंना काही ना काही जवळच, म्हणून तिथे तिचा जीव टांगणीला लागल्यासारखा एकच लांब सूर निघे, टींऽऽऽ. बायको म्हणाली होती, "अहो, हिला भीती वाटतेय." आणि सोळा वर्षांची लेक म्हणाली होती, "नाही गं आई, ही बाबांवर गेलीय."

"छान आहे," टेपराव म्हणाले. "पारव्याच्या रंगाची आहे."

आईचा चेहरा उजळला. तिने लगेच फोन उचलला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गाडी आली ती त्या गोष्टीपायी. आईला एक थोरली बहीण. दोघी लहानपणी अंगणात बसून ओळी जुळवायच्या. धाकटीने पहिली ओळ टाकायची, थोरलीने दुसरी. कणीक, कावळा, सासरचा दीर, शेजारणीचं नाक, कशावरही. लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी भेटल्या की जुळवणी सुरू. पण आता मावशीचे कान गेले होते आणि आईचा पाय. मावशीचे पाय ठणठणीत. पण मागून आलेली गाडी ऐकू येत नाही म्हणून तिचा फिरतीवरचा मुलगा तिला एकटीला फाटकाबाहेर सोडत नसे. आई एकदाच भाड्याच्या गाडीने निघाली होती. तिचा ताठ पाय सीटवर टेकला तसा ड्रायव्हर म्हणाला, "आजी, कव्हर मळतंय." आई वळणावरच उतरली. परक्याच्या गाडीत पाय पसरायचा नाही, हे तिने तेव्हा ठरवलं. म्हणजे एकीला पाय नाही, एकीला कान नाहीत, आणि मध्ये एक्केचाळीस किलोमीटर.

फोनवर जुळवणी होत नसे. आत्ताही आईने तोंड फोनजवळ नेऊन ओळ टाकली:

*गाडी आणली लेकानं, तिला दारं चार चार...*

"काय?" पलीकडून मावशी ओरडली. "मोठ्यानं बोल गं छोटे!"

आईने मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. मग समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मावशी म्हणाली, "नाही गं समजत. राहू दे." फोन ठेवला गेला.

"दुसरी ओळ तू कर ना आजी," नात म्हणाली.

"छे. दुसरी ताईची."

अशा तीन वर्षांच्या अर्ध्या ओळी आईच्या पोटात साठल्या होत्या. आणि आता मावशीच्या मुलाने तिला आपल्याबरोबर कायमचं न्यायचं ठरवलं होतं. दूर. विमानाने. पुढच्या पुढच्या सोमवारी सकाळी. त्याच्या आदल्या रविवारपर्यंत काय ती भेट. टेपरावांनी आईला शब्द दिला होता.

शब्द दिला आणि झोप उडाली. गाडी येऊन आठ दिवस झाले तरी ती सात किलोमीटरच चालली होती, आणि तीही इमारतीभोवतीच्या फेऱ्यांत. टेपराव ताटावरून उठून खिडकीशी जात, गाडीचं टप पाहत, परत येऊन बसत. दोन घासांनी पुन्हा उठत. "अहो, ती उडून जाणार नाही," बायको म्हणे. "उडायला पंख उघडावे लागतात. हिचं दारच उघडत नाही." कचेरीतही ते दुसऱ्यांच्या शेताच्या नकाशावर वाकून असत आणि पेन्सिल आपोआप सहा फूट गुणिले तेरा फुटांचा एक आयत काढून बसे.

डॉक्टरांनी गाडी फूटभर सरकवली असती तर प्रश्न मिटला असता. पण डॉक्टर पडले दातांचे. तोंड उघडून काही सांगायचं तर त्यांच्यासमोर फक्त खुर्चीतच. ते म्हणाले, "रेघ ओलांडली तर सांगा." रेघ ओलांडली नव्हती. रेघेचं महत्त्व टेपरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं त्यांनी भावाभावांना तेच सांगितलं होतं. बांधावर डोकी फुटताना ते छत्री धरून मध्ये उभे राहत आणि म्हणत, "रेघ म्हणजे रेघ." आता ती रेघ त्यांच्याच दाराशी येऊन उभी राहिली होती.

म्हणून त्यांनी सोसायटीच्या चिटणिसांकडे अर्ज केला. विषय: शेजारच्या जागेतील एक फूट हवा, दार उघडण्यापुरती, दिवसातून दोन वेळा वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत नकाशा. काय सुंदर नकाशा! दाराचा फिरण्याचा कोन निळ्या शाईने, माणूस उतरतानाच्या तीन अवस्था लाल शाईने.

चिटणीस टपाल खात्यातून निवृत्त झालेले. कागद हातात आला की त्यावर शिक्का मारायला त्यांचा उजवा हात अजून आपोआप वर जाई. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, दाराची कडी लावली आणि आवाज खाली आणला.

"हा नकाशा तुम्ही काढलात?"

"हो. प्रमाण एकास वीस."

"सुरेख आहे. फाडून टाका."

"का?"

"सात नंबरची जागा दप्तरात दुचाकीसाठी आहे. दोन स्कूटरी. तुम्ही तिथे चारचाकी उभी करता, ते मला दिसत नाही, कारण माझा चष्मा जुना आहे. पण अर्ज आला की मला दिसणार. दिसलं की समितीपुढे ठेवावं लागणार. अर्ज केलात म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा दिलात, आणि तो असा प्रमाणबद्ध!"

"मग अर्ज मागे घेतो."

"त्यासाठी," चिटणीस दुःखाने म्हणाले, "एक अर्ज लागेल."

टेपरावांनी तोही केला. नकाशाशिवाय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नकाशाशिवाय कागद दिला.

रविवार उजाडला. आई पहाटेपासून तयार होती. केस विंचरून, मांडीवर पिशवी, पिशवीत बहिणीसाठी विणलेली लोकरीची टोपी. "कान झाकले जातील," ती म्हणाली, "तसेही ते रिकामेच आहेत." काठी तिने धरली नव्हती, वाजवत होती. टक्, टक्, टक्. तिकडे टेपराव खोलीतून खोलीत फिरत होते. त्यांनी एक्केचाळीस किलोमीटर तीनशे मीटरांचा रस्ता कागदावर आखला होता. कुठे वळायचं, कुठे चढ, कुठे खड्डा. किल्ली दोनदा हरवली. दोन्हीदा ती हातातच होती.

आठ वाजता ते डिकीतून आत शिरले, सीटांवरून रांगत पुढे पोचले आणि गाडी मागे घेऊन फाटकापाशी मोकळ्यात आणून उभी केली. चारही दारं उघडली. मोकळ्या हवेत ती दारं उघडी पाहून त्यांचा ऊर भरून आला. जणू आजारी कोंबडीने पंख पसरले.

"या आई, पुढे बसा," बायको म्हणाली.

आई पुढच्या दाराशी आली. पाठमोरी झाली. टेकली. डावा पाय आत घेतला. उजवा पाय बाहेर राहिला. सीट मागे सरकवली. पाय बाहेरच. आणखी मागे. आता सीट सरकायची संपली. पाय दाराबाहेर वीतभर तसाच, वाटाड्याने बोट दाखवावं तसा रस्त्याकडे रोखलेला.

टेपरावांचा हात सवयीने खिशात गेला. पट्टी निघाली.

"नऊ इंच," ते म्हणाले.

शिवणकाकू जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. या वेळी त्या टोमणा मारत नव्हत्या. हळू आवाजात त्यांनी फक्त विचारलं, "भाऊजी, आईंचं माप घेतलं होतं?"

त्यांनी भिंतीचं घेतलं होतं. रेघेचं घेतलं होतं. बंपरचं तीनदा घेतलं होतं. जिच्यासाठी गाडी घेतली, तिच्याकडे पट्टी घेऊन ते कधी गेलेच नव्हते. टेपराव आईकडे पाहू शकेनात. ते तिच्या चपलेकडे पाहत राहिले.

आईच म्हणाली, अगदी हलक्या सुरात, स्वतःशीच:

*पाय माझा गं लाकूड, वाकविता वाकेना*
*बहिणीची ओढ अशी, थांबविता थांबेना*

"आजी, आज दोन्ही ओळी तूच?" नातीने विचारलं.

"काय करणार? आज तीही वाट बघून गप्प बसली असेल."

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, सीट काढून टाका. दुसरे म्हणाले, दार काढून टाका. तिसऱ्याने टपावरच्या सामान बांधायच्या कठड्याकडे सूचक पाहिलं, तेव्हा बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दूध आणायला निघून गेला. एवढ्यात फाटकाबाहेर भोंगा वाजला. पाण्याचा टँकर. दोन दिवस नळ कोरडे होते आणि चिटणिसांनी किती दारं ठोठावून तो मिळवला होता!

"गाडी हटवा! गाडी हटवा!" चिटणीस वरून धावत आले. "तो थांबायचा नाही, दुसरीकडे जाईल!"

"अहो, पण आई..."

"सगळे आत बसा आधी!"

त्या गडबडीत कोण कुठे बसलं ते देव जाणे. आई मागच्या सीटवर एका कोपऱ्यात, तिचा पाय आडवा सून आणि नात यांच्या मांड्यांवर, पिशवी पायावर, काठी कुणाच्या तरी बगलेत. टेपराव स्टिअरिंगपाशी बसले. मागून भोंगा, पुढून चिटणीस हात हलवताहेत. घाबरलेलं जनावर गोठ्याकडेच पळतं. टेपरावांनी गाडी सरळ नेऊन सात नंबरमध्ये घातली.

टींऽऽऽ.

आणि मग कळलं. डाव्या अंगाला भिंत. उजव्या अंगाला डॉक्टरांची गाडी. डॉक्टर तिला रेघेशी ठेवून चार दिवस परगावी गेलेले. पाठीशी टँकर येऊन थांबला, थेट डिकीला नाक लावून. त्याची नळी टाकीत पडली आणि पाण्याचा खळखळाट सुरू झाला.

"किती वेळ?" टेपरावांनी खिडकी बोटभर उघडून विचारलं.

"पाऊण तास," टँकरवाला म्हणाला. "धार बारीक आहे."

मोजून घेतलेल्या गाडीत, मोजून घेतलेल्या जागेत, एक कुटुंब पाऊण तासासाठी लोणच्यासारखं भरलं गेलं. इंजिन बंद केलं तेव्हा कुठे ती टींऽऽ थांबली. टेपराव स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले.

"मी तुला शब्द दिला होता आई," ते काचेला म्हणाले. मागे वळून म्हणायची छाती झाली नाही.

"अरे, शब्द मोडला कुठे? अजून सकाळ आहे."

"तू बसणार कशी? एक्केचाळीस किलोमीटर यांच्या मांडीवर पाय ठेवून?"

"माझ्या मांडीला मुंग्या आल्यात," बायकोने प्रामाणिकपणे सांगितलं. "पण चला. मुंग्या घेऊन जाऊ."

"नको गं," आई म्हणाली. "तुझ्या मांडीवर ओझं टाकून मी बहिणीला काय तोंड दाखवू? थांब, मी जरा नीट बसते." तिने एका हाताने पुढच्या रिकाम्या सीटची डोक्यामागची उशी धरली आणि अंग उचलायला जोर लावला. दुसरा हात आधारासाठी खाली चाचपडत गेला, सीट आणि दाराच्या मधल्या अंधारात. तिथे एक दांडी हाताला लागली. आईने ती घट्ट धरली आणि ओढली.

खाट्कन आवाज झाला. पुढच्या सीटची पाठ, सगळीच्या सगळी, दमल्या माणसासारखी मागे कोसळली आणि उशी आईच्या मांडीवर येऊन टेकली.

"मोडली!" टेपराव किंचाळले.

"मी मोडली?" आई घाबरली. "अरे बाळा, नवीकोरी..."

"मोडली नाही बाबा, झोपली," लेक म्हणाली. ती पुढे वाकून पाहत होती. तिने उशीची कळ दाबून उशी उपटून काढली. मधली जागा भरून गेली. मागच्या सीटपासून थेट समोरच्या काचेखालपर्यंत एक सपाट पलंग तयार झाला. "आजी, पाय इकडे दे."

आईने पाय आईआईगं करत तिकडे वळवला. बायकोने टाच धरली. आणि तो पाय, तीन वर्षं स्टुलावर, खुर्चीवर, कुणाच्या ना कुणाच्या अडचणीत राहिलेला तो लाकडी पाय, त्या पलंगावर लांबच्या लांब पसरला. पुढे हातभर जागा उरली.

बाहेर पाण्याची धार पडत होती.

"सैल आहे रे," आई नवलाने म्हणाली. "चांगली ऐसपैस आहे की तुझी गाडी."

टेपरावांनी मागे वळून पाहिलं आणि पटकन पुन्हा समोर पाहिलं. चष्मा पुसायचा होता.

टँकर गेला तेव्हा नऊ वाजून गेले होते. टेपरावांनी गाडी मागे घेतली. एरवी ते इंचाइंचाने घेत, बायको मागे उभी राहून हात दाखवी. आज बायको आत आणि चित्त मावशीकडे. कोपऱ्यावर भिंतीने गाडीला चांगला हातभर चर्रर्र असा स्पर्श केला.

"काय रे झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

ते उतरले नाहीत. उतरून पाहणार तरी कसे? अजून मागचं एकच दार उघडण्याइतकं बाहेर आलं होतं. पण फाटकाबाहेर आल्यावरही ते उतरले नाहीत, हे बायकोने मनात टिपून ठेवलं.

रस्त्यात तीनदा चुकले. कागदावरचा खड्डा कुणीतरी बुजवला होता आणि त्या खुणेला वळायचं होतं, ते वळण हुकलं. शेवटी मावशीच्या गल्लीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टेपरावांनी मान वर करून इमारत पाहिली आणि मजले मोजले. मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आडवं अंतर त्यांनी मीटरपर्यंत मोजलं होतं. उभं मोजायचं राहिलं होतं.

वर गॅलरीत मावशी उभी होती. घरातून खोकी ठोकल्याचे आवाज येत होते. आईने काचेतून हात हलवला. मावशीने पाहिलं, पाहिलं, आणि एकदम आत निघून गेली.

"ओळखलं नाही का गं?" आई पुटपुटली. तिची बोटं लोकरीच्या टोपीत रुतली.

एक मिनिट. दोन मिनिटं. टेपराव गाडीभोवती एक चक्कर मारून आले, मग दुसरी. पाठीवर घेऊन जिना चढावा का? खुर्चीत बसवून? चौघांनी उचलून? तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी पांढरं डोकं दिसलं. मावशी स्वतःच उतरत होती, कठडा धरून, मुलाचा हात झिडकारत.

ती गाडीशी आली. गल्लीत भाजीवाला ओरडत होता, कुठेतरी लोखंड कापत होते, वर हातोडे. आईने उघड्या दारातून काहीतरी म्हटलं.

"काय?" मावशी म्हणाली. तेच ते फोनवरचं काय.

आईने पुन्हा म्हटलं. मावशीने मान हलवली. डोळे भरून आले. इतक्या जवळ येऊनही ऐकू येईना.

"मावशी, आत बसा," टेपरावांची बायको हाताने खूण करत म्हणाली आणि तिने तिला आईच्या शेजारी बसवलं. लेकीने खिडक्या वर केल्या. बाहेरून दारं लावली. धप्प. धप्प. नव्या गाडीची नवी रबरं घट्ट बसली, आणि आतलं जग बाहेरच्या जगापासून तुटून निघालं.

आत काय झालं ते टेपरावांना काचेतून दिसलं, ऐकू आलं नाही. आईने तोंड बहिणीच्या कानाशी नेलं. न ओरडता, साधंच काहीतरी बोलली. मावशीने आपला कान हाताने चाचपून पाहिला, जणू तो खरंच आपलाच आहे ना. मग तिचे ओठ हलले. मग आई हसली, तोंडावर पदर घेऊन. मग मावशीने तिच्या ताठ पायावर एक चापट मारली आणि ती लोकरीची टोपी डोक्यात घालून बसली, भर उन्हात.

"काय बोलत असतील हो?" बायको म्हणाली.

"तीन वर्षांचं साठलंय," टेपराव म्हणाले.

गाडी हलत होती. दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याने पंचवीस मणांची गाडी डुलत होती. भाजीवाला थांबून पाहू लागला. मध्येच काच चार बोटं खाली आली आणि टोपीतलं डोकं बाहेर डोकावलं.

"काय रे," मावशी टेपरावांना म्हणाली, "डिकीतून उतरतोस म्हणे? ऐक!"

*गाडी आणली लेकानं, तिला दारं चार चार*
*मागल्या झरोक्यातून येई घरचा सावकार!*

आतून आईचा हसू न आवरणारा आवाज आला. बायको हसली, लेक हसली, मावशीचा मुलगा हसला. टेपरावांना वाटलं आता राग येईल. त्यांनी थोडा वेळ वाटही पाहिली. आला नाही. काच वर गेली.

ते गाडीच्या त्या बाजूला गेले जिथे भिंत लागली होती. पारव्याच्या रंगावर एक लांब पांढरी रेघ उमटली होती. बघता बघता हात खिशाकडे गेला, पट्टीवर टेकला आणि रिकामाच बाहेर आला.

"साहेब," समोरच्या फाटकाचा रखवालदार काठी आपटत आला. "इथे गाडी लावायची नाही. किती वेळ लागेल?"

टेपरावांनी काचेतून आत पाहिलं. आईने नवी ओळ टाकली होती आणि मावशी डोळे मिटून दुसरी शोधत होती.

"मोजलं नाही हो," ते म्हणाले.